कॅप, कवळी आणि कोमट प्लास्टर

दातांच्या डॉक्टरकडे किस्से फार साठतात. पेशंटचं तोंड उघडं असतं तेव्हा त्याला बोलता येत नाही, त्यामुळे चूळ भरली रे भरली की सगळं एकदम बाहेर येतं!

माझं निम्मं काम चिकटवण्याचं. दाताला आधी सौम्य अॅसिड लावायचं, त्यानं डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात. त्यात बाँड नावाचा पातळ चिकट द्रव शिरतो, निळ्या लाइटखाली कडक होतो आणि धरून बसतो. एक सिमेंट तर थेट दातातल्या कॅल्शियमशी जोडलं जातं, अणूला अणू! कॉलेजात मला हे सगळं पाठ होतं. पण कोल्हापुरात क्लिनिक टाकलं आणि माझी पाठांतराची घमेंड उतरली.

* * *

आमचे रफीकभाई लॅब चालवतात. आम्ही पेशंटच्या जबड्याचं माप, म्हणजे मऊ लगद्यात घेतलेला ठसा, पाठवतो, ते त्यात प्लास्टर ओततात आणि हुबेहूब जबडा बनवतात. प्लास्टर घट्ट होताना कोमट होतं, ते आमच्या असिस्टंट सुनंदाताईंना अजिबात खपत नाही. "जित्तं लागतंय हाताला," म्हणतात.

एकदा एका बाईंचा पुढचा दात काढला, जखम भरल्यावर माप घेतलं. दुसऱ्या दिवशी रफीकभाईंचा फोन. "मॅडम, दात तर जागेवर हाय की! नवा कुठं बसवू?"

मी लॅबमध्ये गेले. जबडा त्याच बाईंचा, शेजारचा तुटका दातसुद्धा तोच. आणि मधे, मी माझ्या हातानं काढलेला दात उभा!

"माप बदललं असेल," मी म्हटलं.

"माप खोटं बोलत न्हाय, मॅडम," रफीकभाई म्हणाले आणि त्यांनी तो जबडा कापडात गुंडाळून माझ्याच हातात दिला.

* * *

मलकापूरला सासर असलेल्या एक शिक्षिका होत्या. त्यांची कॅप कोल्हापुरात कधी निघायची नाही, पण सासरच्या उंबऱ्यात पाय ठेवला की हातात! मी तीनदा सिमेंट बदललं. दात कोरडा केला, खरखरीत केला, सगळं पुस्तकाप्रमाणे केलं.

"सासूबाईंना माझं हसणं चालत न्हाय ओ," त्या म्हणायच्या. आम्ही दोघी खूप हसायचो.

सासूबाई वारल्या. पुढं त्याच दाताला आतून कळ लागली म्हणून कॅप काढायला घेतली, तर निघेना! ठोकली, हलवली, शेवटी मशीननं कापावी लागली. कापताना बाई म्हणाल्या, "आता कशाला धरून बसल्यात कुणास ठाऊक." त्या दिवशी कुणी हसलं नाही.

* * *

लॅबमध्ये वरचा-खालचा जबडा एका बिजागरीच्या यंत्रावर लावून ठेवतात. रफीकभाई संध्याकाळी ते उघडे ठेवून जायचे आणि सकाळी येऊन बघावं तर सगळे मिटलेले. वैतागून त्यांनी प्रत्येक यंत्र रबर लावून उघडं ताणून ठेवलं. सकाळी रबरं तुटून खाली पडलेली!

"जुनं असेल रबर," मी म्हटलं.

"कालच आणलंय, मॅडम."

* * *

फिलिंगचा मसाला उजेड लागल्याशिवाय कडक होत नाही, म्हणून तो काळ्या झाकणाखाली ठेवतात. एक गुरुजी यायचे होते, सुनंदाताईंनी मसाला काढून झाकून ठेवला. गुरुजी येईनात. मग त्यांच्या घरून फोन आला, गुरुजी वाटेतच गेले.

मी झाकण उचललं. मसाला दगड झालेला.

"उजेड शिरला असेल," मी म्हटलं.

"कुठनं?" सुनंदाताईंनी विचारलं, आणि झाकण उलटसुलट करून मला दाखवलं.

* * *

आणि आता नेसरीचे आप्पा. त्यांची आणि त्यांच्या बायकोची, शांताक्कांची, दोघांच्याही कवळ्या मीच केल्या. शांताक्कांचा हट्ट असा, की आपला मूळचा वाकडा सुळा कवळीतसुद्धा वाकडाच पाहिजे. "न्हायतर ह्यो मला वळखायचा न्हाय!" रफीकभाईंनी तसाच लावून दिला.

वरची कवळी टाळूला धरते ती लाळेच्या पातळ थरामुळे. थर नसेल किंवा मधे फट असेल, तर कवळी खाली आलीच म्हणून समजा.

शांताक्का गेल्या आणि आप्पांच्या तोंडाला कोरड पडली. घासाबरोबर कवळी खाली यायची. त्यांनी जेवणच सोडलं. लेक सुरेखा त्यांना घेऊन आली, रडकुंडीला आलेली. "मॅडम, असंच ऱ्हायलं तर आप्पाबी जात्यात बघा आईच्या मागनं. काय बी करा, पर त्यास्नी जेवतं करा." मी नवी कवळी केली, आतून पुन्हा भरली, चिकटायची पावडर दिली. टिकेना. माझाच जीव तुटायचा.

मग एके दिवशी सुरेखा आली ती घाबरलेली. "जेवाय लागल्यात, मॅडम. भाकरीवर भाकरी खात्यात. पर अंगाला काय लागंना, उलट वाळाय लागल्यात. आन् जन्मात वांगं खाल्लं न्हाय त्यांनी, आता वांगंच मागत्यात. वांगं आईला लागायचं."

आप्पा खुर्चीत बसले. हाडांचा सापळा झाला होता. मी तोंड उघडायला लावलं. बारीक, बायकी दात. आणि वाकडा सुळा.

"आप्पा, ही शांताक्कांची कवळी. तुम्हाला बसणारच नाही."

ती बसलीच नव्हती. त्यांची टाळू रुंद, कवळी अरुंद, दोन्हीमधे फट. माझ्या आरशाचा उजेड फटीतून आरपार जात होता. लाळेचा थेंब नव्हता. ती कशालाच टेकलेली नव्हती.

बोटानं ओढली, हलली नाही. कडेनं पाणी मारलं, हवा मारली. हलली नाही. मी हत्यार उचललं.

"काढा, मॅडम," सुरेखा म्हणाली. "काढाच ती."

आप्पांनी माझं मनगट धरलं. अगदी हळू, मायेनं.

"थांब की पोरी," ते म्हणाले. "तिचं जेवण व्हायचं हाय अजून."