चिकाच्या डागांची बाग

कापलेल्या केळीच्या खांबाचा ओला, तुरट वास आला की मला फैजपूरची एक दुपार आठवते. शेजारणीची मुलगी चित्रकला शिकून नुकतीच घरी आली होती. पडवीत तिनं प्लायवूडचा मोठा तुकडा आडवा टाकला होता आणि त्यावर केळीच्या सोपटाचे, म्हणजे खांबाच्या सालींचे धागे, काळी माती, आईच्या कामाच्या लुगड्याचे तुकडे ती खळीनं चिकटवत होती. लुगडं केळीच्या चिकाच्या तपकिरी डागांनी भरलेलं. "अगं, डाग तरी झाक," मी म्हणाले. ती हसली. "काकू, रंग काय, दुकानात मिळतात. हे डाग आईच्या अंगावर पडलेत. मला तेच दाखवायचेत." तिनं तो तुकडा भिंतीला उभा केला आणि मी थक्क झाले. त्या डागांतूनच केळीची अख्खी बाग उभी राहिली होती, आतल्या गार अंधारासकट. तेवढ्यात तिची आई शेतातून आली. पाहतच राहिली. "हे त माह्यं फेकलेलं लुगडं व!" असं पुटपुटत ती हात लावायला पुढे झाली, पण थबकली, आणि आधी मोरीत जाऊन हात धुऊन आली. पुढे मी शहरांतली पुष्कळ प्रदर्शनं पाहिली. त्या आईसारखं चित्रासमोर उभं राहणं मला अजून जमलेलं नाही.