दादाच्या रेघा

माणूस गेला की भेटायला येणारे अर्धा कप चहा घेतात आणि जाताना एक किस्सा ठेवून जातात. दादाला जाऊन महिना झाला. घरात किस्सेच किस्से झालेत!

दादा चित्रं काढायचा. देवाची नाही, माणसांचीही नाही. टोमॅटोचं मूळ उपटून आणायचा, द्राक्षवेलीचा पिळलेला तणावा आणायचा, तासन् तास बघायचा आणि कागदावर नुसत्या रेघा काढायचा. वळणाऱ्या, फुगणाऱ्या, श्वास घेतल्यासारख्या. मी नववी नापास. मला कळायचं नाही, पण नजर हटायची नाही.

अण्णा, आमचे वडील, मात्र तिकडे बघायचेच नाहीत. "रेघोट्या!" म्हणून शेतात जायचे. दादा म्हणायचा, "त्यांनी एकदा थांबून बघावं, बास."

•

नारायणगावात शेतीच्या औषधांच्या दुकानातल्या शेठना त्यानं एक चित्र दाखवलं. शेठनी चष्मा लावला. "भाऊ, पानावरचा करपा लई पुढं गेलाय. आजच फवारा मारा!"

मला राग आला. दादा मात्र खूश! "अरे, त्यांना पान दिसलं!"

शेठनी ते चित्र दुकानात लावलं. आता शेतकरी येतात आणि बोट दाखवतात, "शेठ, ह्याच्यावरचं औषध द्या!"

•

पुण्याच्या प्रदर्शनात एकानं विचारलं, "यात नक्की आहे काय?"

मी म्हणालो, "दिसत नाय तर घरी जा की!"

दादानं मला बाजूला केलं आणि त्या माणसाला चहाला नेलं. दोघं दोन तासांनी परत आले. तो माणूस सगळी चित्रं पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.

•

बोरी बुद्रुकच्या एक मावशी द्राक्षाच्या तोडणीला यायच्या. एका चित्रासमोर उभ्या राहिल्या. "पोटात लेकरू आसंच फिरतं रं. तुला कसं कळलं?"

दादानं ते चित्र गुंडाळून त्यांच्या हातात दिलं.

•

दशक्रियेला दादाचा धड फोटोच सापडेना. मी तिरीमिरीत त्याचं शेवटचं चित्र नेऊन पाटावर ठेवलं आणि हार घातला. पावणे कुजबुजले. गुरुजी म्हणाले, "फोटोला गंध लावा."

मामा म्हणाले, "आरं, ह्याला कपाळ कुठंय?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात अण्णा उठले. बोट गंधात बुडवलं. सगळ्या रेघांमधून ते बोट सरळ एका जागी टेकलं.

मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "हार वर घे रं. तोंड झाकतंय त्याचं."