भाभीला समजलं तर सगळ्यांना समजेल

पोहे वाढून झाले तरी परातीच्या कडेला चार दाणे आणि थोडी शेव राहतेच. त्या कॉलेजातले किस्से माझ्याजवळ असेच राहिलेत, झाडून टाकावेसे वाटत नाहीत. दुपारी भांडी पालथी घातली की एखादा आठवतो आणि मी एकटीच हसते. सासूबाई विचारतात, काय गं, कोण काय बोललं? कोणी नाही, म्हणते.

देवासला आमच्या घराजवळच्या कॉलेजात उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर सेमिनार होता. बी.ए., बी.एस्सी.ची मुलं-मुली, कन्नौद, खातेगांव, सतवास, कुठून कुठून आलेली. रिसर्च कसा करायचा, लोकांना प्रश्न कसे विचारायचे, चारचौघांत उभं राहून आपलं काम कसं सांगायचं, हे शिकायला. त्यांचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण माझ्याकडे. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे आधी जरा दबूनच असायचे.

माझ्याबरोबर मनू असायची. माझी मुलगी. तीन वर्षांची होत आली होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती. आई नाही, पाणी नाही, काही नाही. कान ठीक होते, मागून ताटली वाजवली की वळून बघायची. मी दिवसातून किती वेळा वाजवायचे, मलाच लाज वाटायची. आमचे डॉक्टर म्हणाले, वाट बघा. सासूबाई म्हणाल्या, दिवसभर तिथलं हिंदी-इंग्रजी ऐकून पोर बावरलीय; हा सेमिनार संपला की काम सोड आणि इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांना दाखव. तसं ठरलंही. त्यामुळे हात पोहे परतायचे आणि डोकं इंदूरला असायचं.

* * *

शिकवणाऱ्या मॅडमचा एक नियम होता. आपलं काम आधी अशा माणसाला सांगायचं ज्याचा त्या विषयाशी काही संबंध नाही. सुट्टीतल्या रिकाम्या कॉलेजात असं माणूस एकच, मी. मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "भाभी को समझ में आया, तो सबको आएगा."

पहिली आली खातेगांवची नेहा. सोयाबीनच्या पानांवरची कीड हा तिचा विषय. मी कांदे चिरत होते, ती सांगत होती. खूप सांगितलं. मग घाम पुसून विचारलं, भाभी, काय समजलं?

"यही, कि तूने सुबह से कुछ खाया नहीं है."

मॅडम दारातच होत्या. म्हणाल्या, भाभींचं बरोबर आहे. आधी खा, मग पहिल्यापासून सांग.

* * *

सतवासचा दीपक मूग उगवत होता. एका ताटलीत साधं पाणी, दुसरीत थोडं मिठाचं, तिसरीत जास्त मिठाचं, आणि रोज मोड मोजायचे. ताटल्या ठेवल्या हॉस्टेलच्या फ्रिजवर. त्याच्या खोलीतल्या मित्राला वाटलं, मेसचे मूग इथे वाया चाललेत. त्यानं तिन्ही ताटल्या उचलून मला आणून दिल्या. वरून मदत केल्यासारखा चेहरा!

मी उसळ केली. दीपक दोनदा मागून जेवला. संध्याकाळी पट्टी घेऊन मोड मोजायला गेला आणि तिथून धावत माझ्याकडे.

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, तरीच! मीठ नेहमीएवढंच घातलं होतं, मग उसळ इतकी खारट कशी झाली?

दीपक बिचारा तिथेच पायरीवर बसला. म्हणाला, "भाभी, वही तो मेरा रिज़ल्ट था."

* * *

एकदा मुलांना नुसतं बघायला शिकवण्यासाठी धारला नेलं. धार माझं माहेर, तेव्हा जेवण आमच्या आईकडेच ठरलं. मॅडमची ताकीद होती की लोक काम करत असताना मध्ये पडायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं. दीपक आईसमोर पाट मांडून बसला. आई पुरण वाटत होती. तिनं म्हटलं, बाळा, जरा ते पातेलं धर. दीपक म्हणाला, आजी, मला फक्त बघायची परवानगी आहे.

आईनं पातेलं स्वतःच धरलं. सगळ्यांची पानं वाढली, पोळ्यांवर तूप सोडलं. दीपकच्या पानापाशी येऊन थांबली.

"मग जेवताना पण नुसतं बघशील का रे भिया?"

त्या दिवशी पातेली सगळी दीपकनं घासली.

* * *

कन्नौदच्या पूनमचा विषय होता लहान मुलं आणि घरातलं बोलणं. घरोघरी जाऊन आयांना प्रश्न विचारायचे होते, त्याची तालीम माझ्यावर. मॅडमनं बजावलेलं की उत्तर समोरच्याच्या तोंडात घालायचं नाही. जे येईल त्यावर खूण करायची, हो किंवा नाही.

नाव विचारलं, वय विचारलं. मग तिनं वाचलं, मूल बोलतं का?

मी मनूकडे बघितलं. ती बटाट्यांची रांग लावत होती. मला 'नाही' म्हणवेना.

पूनम थांबली. मग 'नाही'च्या पुढे पेनानं तिसरा चौकोन काढला, त्यावर लिहिलं 'अभी नहीं', आणि खूण केली.

मॅडम रागावल्या. असे मनाचे चौकोन काढायचे नसतात, म्हणाल्या. मग त्यांनी वर नाव वाचलं, माझं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कागदावर तिसरा चौकोन छापून आला.

* * *

ही पूनम माझ्यापुढे घडाघडा बोलायची, पण चार माणसं दिसली की तिचा आवाज जायचा. शेवटच्या दिवशी तर हॉलमध्ये सगळ्यांसमोर बोलायचं होतं, बाहेरचे सर येणार होते. म्हणून ती रोज जेवणानंतर स्वयंपाकघराच्या ओसरीत तालीम करायची. इथे पडदा कुठला? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं चित्रं काढली होती. नेहा ते धरून बसायची. पूनमनं "नेक्स्ट" म्हटलं की नेहा पान उलटायची. समोर ऐकायला मी, आणि मनू. मी मध्ये भांड्यांकडे उठायचे. मनू कधी उठली नाही.

शेवटचा दिवस आला. दुसऱ्या दिवशी आम्ही इंदूरला जाणार होतो, पिशवी भरून ठेवली होती. मी हॉलच्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी, मनू माझा पदर धरून. पूनमचं पडद्यावरचं पहिलं चित्र छान सांगून झालं. मग तिनं मान वर केली, भरलेला हॉल बघितला, आणि गप्प झाली.

नेहा कॉम्प्युटरवर बोट ठेवून वाट बघत होती. एक सर खोकले. दीपक मागून हातवारे करत होता. पूनमनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात ट्रे. मी काय सांगणार तिला?

तेवढ्यात खालून, माझ्या पदराजवळून, जरा कंटाळलेल्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"नेक्स्ट."

आणि नेहानं बटण दाबलं.