क्लच, ब्रेक, मनगट

गाडी शिकवणाऱ्या त्या मास्तरांना सगळे दगडमास्तर म्हणत. शिकाऊ माणसाने थेट ट्रकसमोर गाडी घातली, तरी ते शेजारी बसून ‘हं, आता ब्रेक’ एवढंच म्हणत, तेही जेवताना मीठ मागावं अशा आवाजात. त्यांच्या पायाशी जादाचा ब्रेक होता. शिकणाऱ्यांचा भरवसा मात्र त्या ब्रेकपेक्षा मास्तरांच्या चेहऱ्यावर जास्त.

चेहऱ्यामागचा प्रकार मास्तरांनी बायकोलाही कधी कळू दिला नव्हता. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात गेलं की त्यांच्या पाचावर धारण बसे. छाती धडधडे, तळवे भिजत. घाबरट मास्तराकडे पोरं कोण पाठवणार? मग शेजारच्या मालिशवाल्या मावशींकडून, ‘आमच्या हिच्यासाठी विचारतोय’ असं सांगून, त्यांनी एक जागा शिकून घेतली. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या बाजूला तीन बोटं मोजायची, दोन शिरांच्या मधे अंगठा रोवायचा आणि श्वास सावकाश सोडायचा. तेव्हापासून सिग्नलला गाडी थांबली की मांडीवरच्या फायलीआड त्यांचा अंगठा मनगटावर जाई. धडधड उतरे. पुढच्या सिग्नलपर्यंत निभावे.

मास्तरांच्या मुलीच्या लायसन्सची परीक्षा होती त्या दिवशी आरटीओच्या इन्स्पेक्टरने मास्तरांना बाजूला घेतलं.

“मास्तर, तुमची पोरं मी लांबून ओळखतो. ते मनगटाचं काय आहे?”

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. “कुठलं मनगट?”

“बघा की.”

परीक्षेच्या मैदानातल्या पांढऱ्या रेघेशी एका नर्सबाईंची गाडी थांबली. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि गंभीरपणे अंगठा मनगटावर दाबला. मागून एक सुतार आला. हँडब्रेक, मनगट. मग मास्तरांची मुलगी आली. हँडब्रेक, मनगट.

मास्तर आ वासून बघत राहिले. दोघेही त्यांचेच विद्यार्थी, आणि तिसरी तर घरचीच.

इन्स्पेक्टरने मुलीला खिडकीतूनच विचारलं, “हे काय चाललंय?”

“मनगट, सर. क्लच, ब्रेक, हँडब्रेक, मनगट.”

“कशासाठी?”

“ते...” मुलीने बापाकडे पाहिलं. “कशासाठी हो, बाबा? तुम्ही कधी सांगितलं नाही, नुसतं करत होता. आम्हाला वाटलं, नियम असेल.”

इतक्या वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं! वर फायलीमुळे नेमकी जागा कुणाला दिसली नव्हती, त्यामुळे सगळी फौज इमानेइतबारे घड्याळाचा पट्टा दाबत होती.

“नियम असेल तर दाखवा,” इन्स्पेक्टर म्हणाला. “नसेल, तर परीक्षेत भलते चाळे करणाऱ्यांना आजपासून नापास. सुरुवात हिच्यापासून.”

मुलीचा चेहरा पडला. मास्तरांनी एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“नियम नाही. तिचा दोष नाही,” ते म्हणाले. “मला भीती वाटते. ती जागा दाबली की जरा बरं वाटतं.”

इन्स्पेक्टरचं पेन कागदावर टेकायचं राहिलं. “तुम्हाला? अहो, दगडमास्तर ना तुम्ही?”

“रोज वाटते.”

इन्स्पेक्टरने पेन टेकवलं आणि मुलीला पास केलं.

घरी जाताना मुलगी चालवत होती. पहिल्या सिग्नलला तिने हँडब्रेक ओढला, पण मनगटाकडे हात नेला नाही.

“ट्रक समोर येतो तेव्हासुद्धा भीती वाटते?”

“तेव्हा तर फारच.”

“आणि मी चालवते तेव्हा?”

मास्तरांचा अंगठा मनगटाकडे निघाला. मुलीला उत्तर मिळालं. तिने हात लांबवून बापाच्या मनगटावर अंगठा रोवला.

“तिथे नाही, ते हाड आहे,” मास्तर म्हणाले. “वर सरक. अजून. हं, आता दाब.”

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. आयुष्यात कुणाला एकही हिरवा सिग्नल चुकवू न दिलेल्या मास्तरांनी डोळे मिटले.

“वाजू दे,” ते म्हणाले. “हिरवा पुन्हा लागेल.”