लालबागला घावणे आणि वजनकाटा

गिरगाव ते लालबाग हासुद्धा प्रवासच, हसू नका. सोबत उपाशी लेक असली की तो संपता संपत नाही. माझी सायली पंधरा वर्षांची, कबड्डीच्या किशोरी गटात खेळते. या गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. काटा पुढे गेला की कॉलेजच्या मुलींचा कुमारी गट. तिथे पोरीचा हात मोडेल या धास्तीने, तिच्या कबड्डीच्या सरांनी जेवणावर घातलेल्या बंधनांना मीही मान डोलावली होती.

तुम्ही जाणार असाल तर टॅक्सीवाल्याला आधीच बजावा, भायखळ्याला उड्डाणपुलावर चढू नको म्हणून. आमचा चढला आणि आम्ही थेट परळला उतरलो. तिथून उलटं चालत येताना सायली दोनदा थांबली.

स्पर्धेच्या मैदानाला लागूनच माझ्या नणंदेची चाळ. जरा टेकू म्हटलं, तिथेच चुकलं. वजन व्हायच्या आधी मालवणी घरात पाऊल ठेवू नये. वन्संनी सायलीचा चेहरा पाहिला आणि तवा ठेवला.

"उपाशी पोटान कसां खेळतलंस? दोन घावणे खा गो."

सायलीने माझ्याकडे पाहिलं. मला नाही म्हणवेना. दोनाचे चार झाले, वर काळ्या वाटाण्यांची उसळ. लालबागला खायचं तर हॉटेल नको, अशी आत्या शोधा.

काटा अर्थातच पुढे गेला. सरांनी आधी मला डोळ्यांनीच झापलं, मग सायलीला म्हणाले, बाहेर बस नाहीतर कुमारी गटात उतर. मी बाहेरच म्हणणार होते. सायली आधी बोलली.

"वर खेळते, सर."

सामना मी निम्मा डोळे मिटूनच पाहिला. समोरची एक उंच मुलगी चढाईला आली. सायलीने तिचा घोटा धरला, फरफटत गेली, पण सोडला नाही. ती एक पकड झाली. बाकी सपाटून हरलो, आणि तिचं कोपर सोलवटलं.

घरी मलम लावताना विचारलं, वजन उतरवून परत खाली यायचं का?

"नको गं आई. वर मार बसतो, पण डोळ्यांपुढे अंधारी येत नाही."

अंधारी येते हे तिने कधी सांगितलंच नव्हतं. खालच्या गटात ती तशीच खेळत होती, आणि मी बाहेरून टाळ्या वाजवत होते.