पक्कीताई आणि तेरा वाकडी खाती

आमच्या संस्थेत हिशेबाच्या टेबलावर ज्या ताई बसत, त्यांना पाठीमागे सगळे पक्कीताई म्हणत. कोणताही कागद पुढे आला की त्या सहीआधी चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "पक्कं?" समोरचा हो म्हणाला तरी सही होत नसे. "कशावरून?" हा दुसरा प्रश्न ठरलेलाच. मी संस्थेत वसुलीला होतो. आठवड्याचे पाच दिवस सायकलवरून वस्त्यांमध्ये फिरायचं, हप्ते गोळा करायचे आणि शनिवारी या दोन प्रश्नांपुढे उभं राहायचं. त्यामुळे मी जे सांगतोय ते ऐकीव नाही.

संस्था लहान कर्जं देते. बँकेच्या काचेच्या दारातून आत जायला जे बिचकतात, त्यांना. पाच-पाच बायकांचा गट, एकमेकींचा जामीन आणि दर आठवड्याला हप्ता. कुणी अंडी विकते, कुणी जुने बूट शिवून पुन्हा विकते, कुणाची इस्त्रीची टपरी. चार शाखा, सहा हजारांच्या आसपास कर्जदार, आणि हे सगळं निळ्या पुठ्ठ्याच्या खातेवह्यांमध्ये. मुख्य कचेरीत एक संगणक होता, पण त्यातला तक्ता ज्याने बनवला तो माणूस परदेशी निघून गेला होता. त्या तक्त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

ताई आमच्याकडे येण्याआधी बसडेपोच्या रोकड खोलीत होत्या. वाहकांनी आणलेल्या पिशव्या मोजायच्या आणि तिकिटांशी ताळा घालायचा. नऊ वर्षं ते केलं. मग तिकिटाची यंत्रं आली आणि एका महिन्याचा पगार हातावर ठेवून त्यांना घरी पाठवलं. तेव्हा त्यांचे यजमान नुकतेच घड्याळदुरुस्तीचं स्वतःचं दुकान थाटत होते आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या दिवसांबद्दल ताई फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या की, नोकरी गेल्याचं दुःख झालं, पण राग वेगळ्याच गोष्टीचा आला. ते यंत्र अर्धं तिकीट आणि सवलतीचं तिकीट एकाच रकान्यात टाकायचं, हे त्यांना पहिल्या दिवशी दिसलं होतं आणि कुणी विचारलंच नाही.

तर झालं असं की, संस्थेला कर्जासाठी भांडवल देणाऱ्यांनी कळवलं, वर्षभरात सगळा हिशेब संगणकावर आणा, दर महिन्याचा अहवाल पाठवा, नाहीतर पुढचा पैसा विसरा. अध्यक्षांनी बैठक बोलावली. आमचे अध्यक्ष मनाने मोकळे, पण चकचकीत वस्तूला लगेच भुलणारे. एका मोठ्या कंपनीचा टायवाला विक्रेता त्यांना आधीच भेटून गेला होता. सॉफ्टवेअर घेतलं तर वसुलीवाल्यांना टॅबलेट फुकट, असं त्याने सांगितलं होतं. अध्यक्षांच्या मते काम झाल्यातच जमा होतं. त्यांनी ताईंना नुसतं मत विचारलं.

ताई म्हणाल्या, "एकदा यंत्र आलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. आता विचारताय, तर मला पंधरा दिवस द्या."

ते पंधरा दिवस त्या कचेरीत फारशा दिसल्याच नाहीत. चारही शाखांमध्ये जाऊन आमच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. आपलं काम कुठे अडतं, कुठे खाडाखोड होते, कोणती नोंद वहीच्या समासात करावी लागते, एवढंच पाहत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्याकडे जाड कागदाचे तेरा तुकडे होते. प्रत्येकावर एक खरं खातं, नाव झाकून. जुळ्या बहिणी, ज्यांचा पत्ता एक, जन्मतारीख एक आणि नावाचं पहिलं अक्षरही एक. बाजाराला आग लागली तेव्हा मुदत वाढवून दिलेलं कर्ज. कर्जदार वारली आणि बाकीच्या चौघींनी वाटून फेडलेलं कर्ज. अर्धा हप्ता सकाळी आणि अर्धा संध्याकाळी देणारी इस्त्रीवाली. तीन-तीन हप्ते आगाऊ भरून मोकळी होणारी अंडीवाली. आम्ही त्यांना तेरा वाकडी खाती म्हणू लागलो.

मग तीन कंपन्यांना बोलावणं गेलं. पडद्यावरची रंगीत चित्रं दाखवायची नाहीत, ही तेरा खाती आमच्यासमोर भरून दाखवायची.

टायवाल्याने चार भरली आणि बाकीची बाजूला सारली. हे अपवाद आहेत, म्हणाला, नंतर बसवून देऊ.

"आमच्याकडे अपवादच येतात," ताई म्हणाल्या. "सरळ खात्याच्या माणसाला बँक कर्ज देते."

दुसऱ्या कंपनीच्या माणसाने तेरापैकी नऊ भरली आणि उरलेली चार भराभर उरकली. ताईंनी त्याला थांबवून पडदा मागे घ्यायला लावला. पठ्ठ्याने तारखा बदलून खाती बसवली होती. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरी कंपनी म्हणजे गाद्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथून आली ती प्रोग्राम लिहिणारीच, तिशीतली, पायात साध्या चपला. तिने दोन तास घेतले. शेवटी म्हणाली, "अकरा बसली. वारलेल्या बाईचं आणि आगीतलं, ही दोन आज माझ्याकडे बसत नाहीत. महिनाभर लागेल, आणि त्याचे वेगळे पैसे पडतील."

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पक्कं?" बाई गडबडली नाही. महिना म्हणजे पाच आठवडे धरा, म्हणाली.

अध्यक्षांना हे पचेना. दोन खोल्यांची कंपनी उद्या बंद पडली तर काय, असं त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न रास्त आहे हे ताईंनी लगेच मान्य केलं. म्हणून करारात दोन अटी घातल्या. दर महिन्याला आमची सगळी माहिती आम्हाला साध्या तक्त्यात काढून मिळायची, कुणालाही वाचता येईल अशी. आणि प्रोग्रामची एक प्रत वकिलाकडे ठेवायची, कंपनी बुडाली तर ती आमची. शिवाय हेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या चार संस्थांना ताईंनी स्वतः फोन केले. चांगलं आहे का, असं विचारलंच नाही. शेवटचं कधी बंद पडलं आणि त्या दिवशी फोन कुणी उचलला, एवढंच विचारलं. चौघांनीही त्याच बाईचं नाव घेतलं. फुकटचे टॅबलेट हुकले म्हणून अध्यक्ष आठवडाभर तोंड पाडून होते, पण सही त्यांनीच केली.

आता माझी गोष्ट. आम्हा वसुलीवाल्यांना आता हप्त्याची नोंद वस्तीतच मोबाईलवर करावी लागणार होती. मी या सगळ्याच्या विरोधात होतो आणि ते लपवतही नव्हतो. रेंज नसेल तिथे काय करू, मोबाईल पाण्यात पडला तर काय करू, असे शंभर फाटे मी फोडले. खरं कारण वेगळं होतं. मंगळवारी एखादीकडे पैसे नसले तर मी शुक्रवारी घ्यायचो आणि वहीत मंगळवार लिहायचो. त्यात माझा काही फायदा नव्हता, पण गटात तिची अब्रू राहायची. मोबाईल तारीख आपली आपणच टाकणार, म्हणजे माझ्या हातातून ते गेलं.

ताई एका मंगळवारी माझ्याबरोबर फेरीला आल्या. दुपारपर्यंत नुसत्या माझ्या नोंदी पाहत राहिल्या. मग एका टपरीपाशी थांबून म्हणाल्या, "तुझे मंगळवार मला सात वर्षांपासून माहीत आहेत. शाई वेगळी असते."

पण त्यांना मला पकडायचं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की, तू करतोस ते चांगलंच आहे, फक्त ते तुझ्या मर्जीवर आहे. तू आजारी पडलास आणि दुसरा आला तर त्या बाईचं काय? त्यांनी त्या प्रोग्रामवाल्या बाईंकडून एक रकाना करून घेतला. गटाची संमती असेल तर हप्ता चार दिवस पुढे, दंड नाही, कारण लिहायचं. मी जे चोरून द्यायचो ते आता प्रत्येकीला हक्काने मिळणार होतं. त्यानंतर माझा विरोध निम्म्यावर आला. उरलेला निम्मा नुसता हट्ट होता.

सुरुवात एकाच शाखेत केली, माझ्या. आधी दोन महिने पासबुकं आणि वह्या ताडून पाहण्यात गेले. एकाच बाईच्या नावाची तीन स्पेलिंगं निघाली, एक खातं सहा वर्षांपूर्वी फिटलं होतं तरी उघडंच होतं. मग वही आणि सॉफ्टवेअर तीन महिने जोडीने चालवायचं ठरलं. दोन्हीकडे सारखं आलं तरच वही बंद.

पहिल्याच महिन्यात दोन्हीकडचं जमेना. फरक मोठा नव्हता, पण होता. शाखेत आनंदीआनंद. घ्या, आम्ही सांगतच होतो. माझाही आवाज त्यात होता. ताईंनी कुणाला गप्प केलं नाही. चार दिवस त्या, त्यांची पेन्सिल आणि फोनवर ती प्रोग्रामवाली बाई. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला आत बोलावलं आणि एक पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला.

संस्थेचा नियम होता की व्याज दिवसांवर मोजायचं. पण दिवस मोजत बसायला वेळ नसायचा, म्हणून अकरा वर्षांपूर्वी आठवड्यांचा एक तक्ता तयार केला गेला. त्यात अर्धवट आठवडा पूर्ण धरला होता. जे ठरल्या दिवशी हप्ता देत त्यांना काहीच फरक पडत नव्हता. पण जे आधी भरत, म्हणजे आमची सगळ्यांत चोख गिऱ्हाईकं, त्यांच्याकडून काही दिवसांचं व्याज जास्त जात होतं. चारही शाखा तोच तक्ता वापरत, म्हणून ताळा नेहमी जुळायचा. सॉफ्टवेअर बरोबर होतं. आम्ही अकरा वर्षं चुकत होतो. आणि तक्ता ताईंच्या अक्षरात होता.

प्रोग्रामवाल्या बाईंनी सरळ सांगितलं होतं की, दोन्ही पद्धती बसवता येतात, तुम्ही सांगाल तशी बसवते. अध्यक्षांचा जीव टांगणीला लागला. आजपासून नियमाप्रमाणे करू, मागचं कशाला उकरायचं, भांडवल देणारे काय म्हणतील, असं त्यांनी समजावून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "शोधून मीच काढली. आता परत देण्याचं कामही मीच करणार. तुम्ही फक्त सही करा."

त्यांचा आवाज जराही हलला नाही. नंतर जिन्यात मात्र मी त्यांना कठडा धरून क्षणभर उभं राहिलेलं पाहिलं. यजमानांनी घरी काय म्हटलं, तेही त्यांनीच सांगितलं. ते म्हणाले, घड्याळ अकरा वर्षं मागे असेल तर काटे एकदम फिरवता येत नाहीत, पण फिरवायला तर लागतातच. त्यावर दोघं हसली आणि जेवायला बसली.

चारही शाखांच्या वह्या चाळल्यावर एकोणीसशे चाळीस खाती निघाली. कुणाचे बारा रुपये, कुणाचे चाळीस. सगळ्यांत जास्त अंडीवालीचे, दोनशे सोळा. ताई प्रत्येक गटाच्या बैठकीला स्वतः गेल्या. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही. चटईवर बसून, तक्ता सगळ्यांना दाखवून, चूक काय झाली ते सांगायचं आणि पैसे हातात द्यायचे. एका गटाने ऐकून घेतलं आणि तरी संस्था सोडली. बाकीच्या कुजबुजल्या, हसल्या, पैसे मोजून घेतले.

अंडीवालीने मात्र नोटा पदरात न टाकता मांडीवर ठेवल्या आणि विचार करून म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मीच तुम्हाला कर्ज दिलं होतं की. मग माझं व्याज कुठाय?"

बायका खदखदल्या. मीही हसलो. ताई हसल्या नाहीत. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या, आणि तिथेच वहीत टिपून घेतलं. पुढच्या बैठकीत त्यांनी अध्यक्षांपुढे ठराव ठेवला की आपण ज्या दराने घेतो त्याच दराने द्यायचं. अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. पण एव्हाना त्यांनाही या कामाची गोडी लागली होती. ठराव पास झाला. त्या खात्यांची यादी भरून दिल्यावर सॉफ्टवेअरने ते व्याज दहा मिनिटांत काढून दिलं, दिवसांवर मोजून. ताईंनी त्यातली वीस खाती पेन्सिलने तपासली आणि मगच पैसे वाटायला परवानगी दिली.

हे सगळं फुकटात झालं नाही. भांडवल देणाऱ्यांचा तपासनीस आला, आठ दिवस राहिला आणि पुढचा पैसा चार महिने अडला. आम्हा सगळ्यांची पगारवाढ त्या वर्षी हुकली, आणि काही जणांनी ताईंशी बोलणं टाकलं. तपासनिसाच्या अहवालात शेवटी एवढंच होतं की चूक संस्थेने स्वतः शोधली, स्वतः भरून काढली, हिशेब विश्वासार्ह आहे. पैसा सुटला आणि थोडा जास्तच सुटला. न बोलणारेही हळूहळू बोलायला लागले.

इकडे जोडीने चालवण्याच्या तिसऱ्या महिन्यातच वही आणि सॉफ्टवेअर पै न पै जुळलं होतं. भांडवल देणाऱ्यांनी मुदत सहा महिने वाढवून दिली आणि दीड वर्षात चारही शाखा त्यावर आल्या. मधे एकदा ते दोन दिवस बंद पडलं तेव्हा फोन पहिल्या घंटीला उचलला गेला. गाद्यांच्या दुकानावरच्या कंपनीने आता आणखी तीन खोल्या घेतल्यात. आणि माझी सायकल सुटली. नव्या वसुलीवाल्यांना मोबाईलवर नोंद शिकवायला ताईंनी मलाच निवडलं. जो सगळ्यांत जास्त फाटे फोडतो त्याला सगळ्यांच्या शंका ठाऊक असतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुढच्या वर्षी ताई निवृत्त होतील. दुसऱ्या तीन-चार संस्थांनी त्यांना सॉफ्टवेअर निवडून द्यायला बोलावलंय. त्यांनी होकार कळवलाय आणि आपल्या कामाचा दरही. तो दर ऐकून आमच्या अध्यक्षांनी भुवया उंचावल्या, तेव्हा ताई म्हणाल्या की तो कमीच लावलाय, पहिलं वर्ष आहे म्हणून.