काकूंच्या फ्रीजमधली देवाची बाटली

नेरुळला आम्ही राहायला आलो तेव्हा तिथली जमीन अजून बनतच होती. गॅलरीतून खाडीकडे पाहिलं की मुरुमाचे डंपर दिसायचे. मागच्या वर्षी जिथे भरतीचं पाणी यायचं तिथे यंदा विजेचे खांब, आणि पुढच्या वर्षी एखादी सोसायटी, गेटवर वॉचमनसकट. रविवारच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की देवानं तिसऱ्या दिवशी पाणी बाजूला केलं आणि कोरडी जमीन दिसू लागली. देवाला जे एका दिवसात जमलं त्याला या लोकांना इतकी वर्षं का लागतात, असं मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, देवाला टेंडर काढावं लागलं नव्हतं.

आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. वडील तुर्भ्याच्या एका कारखान्यात कामाला होते, आणि रविवारी मंडळीचे पंच. मंडळी म्हणजे आमच्यासारखीच देशावरून आलेली काही कुटुंबं. चर्चची इमारत अजून नव्हती, म्हणून उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. तेव्हा वडील पांढरा शर्ट घालून छोट्या काचेच्या पेल्यांचा ट्रे रांगेरांगेतून फिरवत. मी लहान, त्यामुळे तो ट्रे माझ्या डोक्यावरून पुढे जायचा. दृढीकरण झाल्याशिवाय पेला मिळत नाही. दृढीकरण म्हणजे मोठं होणं. त्या दिवसापासून आपल्या बऱ्यावाइटाचं उत्तर आपण द्यायचं, आईबापांनी नाही.

माझं दृढीकरण त्या वर्षी ईस्टरला ठरलं होतं. त्या पेल्यात काय चव असते हे मला कुणी धड सांगत नव्हतं. आई म्हणायची, घेशील तेव्हा कळेल. मी दिवस मोजत होते.

त्यासाठी दर बुधवारी संध्याकाळी आमच्याच घरी वर्ग भरायचा. पाळकसाहेब ऐरोलीहून स्कूटरवर येत, आणि आम्ही चार मुलं चटईवर बसत असू. शिकवणी जगाच्या उत्पत्तीपासून सुरू झाली आणि देवानं ज्याचं फळ खायला मनाई केली होती त्या बागेतल्या झाडापाशी आल्यावर माझ्यामुळे तिथेच अडकली. खायचं नव्हतं तर झाड लावलंच कशाला? लावलं ते लावलं, बागेच्या मधोमध का? कोपऱ्यात लावलं असतं तर त्या पहिल्या बाईची नजर तरी गेली नसती. बाकीची तीन मुलं जांभया द्यायची. पाळकसाहेब मात्र रागवायचे नाहीत. काही प्रश्नांना ते सरळ सांगत की मलाही माहीत नाही, आणि त्यामुळे मला ते फार आवडत.

पण एक गोष्ट त्यांनी नीट समजावली होती. फळ खाऊन झाल्यावर देव बागेत आला आणि त्यानं माणसाला हाक मारून विचारलं, तू कुठे आहेस? देवाला दिसत नव्हतं म्हणून नाही, माणसानं स्वतःहून पुढे यावं म्हणून. माणसानं काय केलं? बायकोकडे बोट दाखवलं. बायकोनं फळ खायला सांगणाऱ्या सापाकडे. त्या सगळ्या प्रकारात मला सापाचंच वाईट वाटलं. पुरुषाला विचारलं, बाईला विचारलं, सापाला कुणी काही विचारलंच नाही, थेट शिक्षा. मी तसं म्हणाले तेव्हा आतल्या खोलीतून वडिलांचं खाकरणं ऐकू आलं.

प्रभुभोजनाचा द्राक्षरस आई करायची. वाशीच्या बाजारातून काळी द्राक्षं आणायची, शुक्रवारी ती उकळून गाळायची आणि बाटलीत भरायची. रविवारपर्यंत तो गार राहायला हवा, नाहीतर त्या उकाड्यात आंबून त्याची दारू व्हायची, आणि आमच्या मंडळीत दारूचं नावसुद्धा चालत नसे. आमच्याकडे फ्रीज नव्हता. समोरच्या दारी राहणाऱ्या काकूंकडे होता. काकू रत्नागिरीकडच्या, नवरा बंदरावर नोकरीला, एक लग्नाची मुलगी. आईनं पहिल्यांदा बाटली नेली तेव्हा सांगितलं होतं की हे आमच्या देवाचं आहे. काकूंनी दोन्ही हातांनी ती बाटली घेतली. तेव्हापासून आमची बाटली आत असली की त्या फ्रीजमध्ये मासळी ठेवत नसत. त्यांच्या घरी मासळीशिवाय जेवण म्हणजे उपासच, तरीही.

ईस्टरच्या आधीच्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या रविवारी बाटली आणायला मीच गेले. हॉलमध्ये आईनं पेले भरले, वडिलांनी ट्रे फिरवला, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि सगळ्यांनी पेले ओठाला लावले. मी पाहत होते. एकेक चेहरा आंबट झाला. एक म्हातारे गृहस्थ पेला उजेडात धरून रंग निरखू लागले. तो एरवी जांभळा दिसायचा, त्या दिवशी लाल होता. भक्तिभावामुळे कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांनी पिऊन टाकलं.

घरी आल्यावर वडिलांनी चपला काढायच्या आधी मला समोर उभं केलं. ते म्हणाले, "तू काय केलंस ते सांग." तू केलंस का, असं ते म्हणाले नाहीत, आणि तो फरक मला आजही बोचतो. बाटली मी आणली होती. त्या झाडाबद्दल महिनाभर मी प्रश्न विचारत होते. पेल्याची चव कशी असते म्हणून मीच आईच्या मागे लागले होते. त्यांच्या डोक्यात हिशोब पक्का होता: पोरीनं जिन्यात बाटली उघडली, प्यायली आणि वरून कसलंतरी सरबत ओतलं. मी रडले, नाही म्हणाले, शपथ घ्यायला निघाले तर, आमच्यात शपथ घेणं पाप म्हणून, त्याबद्दल वेगळं ऐकावं लागलं. काकूंचं नाव कुणाच्याच मनात आलं नाही. जी बाई बाटलीसाठी मासळी बाहेर काढते तिच्यावर संशय कोण घेणार?

वडिलांनी निकाल दिला. कबूल होईपर्यंत वर्गात बसायचं नाही, आणि वर्ग नाही तर ईस्टरला दृढीकरण नाही. पाळकसाहेब त्यांना म्हणाले होते की जरा थांबा, पण पंचाच्याच घरातली गोष्ट म्हणून वडील अधिक कडक झाले होते. मला खरंच राग आला होता, आणि त्याबरोबर एक विचित्र मोहही होत होता. हो म्हणून टाकावं. दोन मिनिटं मान खाली घालायची, माफी मागायची, की ईस्टरला पेला हातात. खोटं बोलून पवित्र होता येतं का, हा प्रश्न विचारायला मला फार आवडलं असतं, पण विचारणार कुणाला? वर्ग बंद होता.

बुधवारी चौघांऐवजी तिघं चटईवर बसली आणि मी बाहेर जिन्यात. दार लोटलेलं होतं. काकू कचऱ्याची बादली घेऊन बाहेर आल्या आणि मला पाहून थांबल्या. आज शाळा नाही का तुझी देवाची, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आत त्यांनी बादली खाली ठेवली, घरात जाऊन गॅस बंद केला, पदर नीट केला आणि आमचं दार ढकलून आत गेल्या. मी मागोमाग.

त्या उभ्यानंच बोलल्या. शनिवारी मुलीला पाहायला मुलाकडचे आले होते. पोहे झाले, मुलाच्या आईनं चहा नको म्हणून सांगितलं, काहीतरी गार द्या म्हणाल्या.

"माज्याकडे कोकमाचं सरबत होतं," काकू म्हणाल्या. "नव्हतं म्हणून तुमचं घेतलं असं नाय. होतं, तरी घेतलं. तुमचं ते काळंभोर, काचेच्या ग्लासात कसं दिसेल असं मनात आलं, आणि ओतलं. मग बाटलीत कोकम भरून ठेवलं. पोरीनं काय केलेलं नाय, भाऊ. मी केलंय."

आमच्या नगरकडच्या मंडळीला कोकमाची चव ओळखता आली नव्हती, हे तेव्हा ध्यानात आलं. काकूंचं मात्र बोलणं संपलं नव्हतं. मुलाकडच्यांनी दोन दोन ग्लास घेतले आणि दुसऱ्या दिवशी पसंती कळवली. देवाचा नैवेद्य उष्टा करून त्यावर मुलीचं लग्न ठरलं, म्हणून तीन रात्री त्यांना झोप नव्हती. त्यांनी पाळकसाहेबांना हात जोडले. "फादर, जे व्हायचं ते मला होऊ दे. तिला नको."

आमच्यात फादर नसतात, ते कॅथलिकांचे, हे वडील एरवी सगळ्यांना ऐकवायचे. त्या दिवशी नाही ऐकवलं. पाळकसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, तुमच्या मुलीला काहीही होणार नाही, आईचं केलेलं देव लेकीच्या नावावर टाकत नाही. माझ्या तोंडून लगेच निघालं, मग बागेतल्या त्या पहिल्या दोघांचं केलेलं आपल्या सगळ्यांच्या नावावर कसं पडलं? पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, चटईवरची रिकामी जागा दाखवली आणि म्हणाले, बस, त्यावरच बोलू.

वडिलांनी तोवर काकूंना खुर्ची दिली होती. अहो वहिनी, एवढं काय त्यात, विसरून जा, मुलगी सुखात राहू दे. आईनं पाणी आणलं. अर्ध्या मिनिटात माफी झाली. मी चटईवर बसून पाहत होते. जिनं केलं तिला खुर्ची आणि पाणी. जिनं केलं नाही तिला जिना. काकूंनी पाण्याला हात लावला नाही.

"माजं जाऊ दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "हिला तुमी काय सांगताय?"

वडील माझ्याकडे वळले. म्हणाले, अगं, पण तू तरी ठामपणे सांगायचंस ना. आई म्हणाली, मी यांना म्हटलं होतं, नीट चौकशी करा. वडील म्हणाले, बाटली तू दुसऱ्याच्या घरी ठेवतेस म्हणून हे झालं. आई म्हणाली, फ्रीज कुणी घेतला नाही? पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. काकू उठल्या, मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला आणि घरी गेल्या.

ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी आईनं रस केला. काकू बाटली ठेवून घ्यायला तयार नव्हत्या, माझा भरवसा नाही म्हणाल्या. शेवटी वडील स्वतः गेले आणि ठेवून आले. रविवारी मी पांढरा फ्रॉक घालून इतर तिघांबरोबर पुढे उभी राहिले, पाळकसाहेबांनी विचारलं त्याची उत्तरं दिली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. बाजूच्या बाईंनी पेला घेतला. मग वडील ट्रे घेऊन माझ्यापुढे आले आणि थांबले. मी हात पुढे केला तर ट्रे खाली येईना. मागची रांग वाट पाहत होती. पेले एकमेकांना लागून किणकिणत होते.

"माझं चुकलं," ते म्हणाले. आवाज बारीक, पण रांगेला ऐकू जाईल असा. "मी तुला विचारलंच नाही."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली, कारण आमच्या घरात पुढे 'पण' येतोच. तो आला नाही. वडिलांनी ट्रे माझ्या हाताशी खाली आणला.